हातभर साग

होडीतल्या बसायच्या आडफळीचं डावं टोक
काठाच्या साळीत कुजून बसलं होतं.
बोट घातलं तर आत ओला भुसा, तपकिरीसारखा.
पास्कू मेस्त्रीनं पटाशीनं टोकरत टोकरत
चांगल्या लाकडापर्यंत जाऊन
एक ढलपी माझ्या हातावर ठेवली:
'हिचा भाऊ शोधून आण.
हातभर लांब, चार बोटं रुंद. गाठ नको.
आणि रंगाच्या मागे लागू नकोस.'

शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही.

ढलपी बाबांच्या चष्म्याच्या डबीत घातली
आणि ट्रॉम्बेहून निघाले.

रे रोडच्या वखारीत वालजीभाईंनी
ती उजेडात धरली, उलटी केली, हुंगली.
'बलसाडचा. असा आता येत नाही.
घाना आहे. इक्वेडोर आहे, पण तो विसेक वर्षांचा पोरगा,
घाईत वाढलेला, पाण्यात टिकेल असं मी नाही सांगणार.
किती हवा?'
हातभर, म्हटलं.
ते हसले नाहीत, हे मला अजून आठवतं.
पोऱ्याला हाक मारून कोपऱ्यातले तुकडे उपसायला लावले.
एक फार पिवळा.
एकाचा रंग जुळला, रेषा मात्र तिरप्या पळत गेलेल्या.
एक अगदी हुबेहूब वाटला;
थुंकी लावून चोळला तर चहासारखा काळवंडला.

कुर्ल्याला जुन्या दारांच्या बाजारात
एक दार सापडलं, रंग तोच, वजनही तेच.
पण कुणीतरी त्याला आयुष्यभर घाबरून
इतक्या कड्या, कोयंडे, साखळ्या ठोकल्या होत्या
की हातभर सलग लाकूड कुठेच उरलं नव्हतं.
मी वरपासून खालपर्यंत भोकं मोजत गेले,
एकतीसला थांबले.

मग दारूखाना.
फुटलेल्या जहाजांची भांडी, गाद्या, होकायंत्रांच्या रिकाम्या पेट्या,
आणि अब्बासच्या पत्र्याखाली
कठड्याचा एक तुकडा, पॉलिशचे थर चढलेला.
कुठल्या जहाजाचा? त्याला माहीत नव्हतं.
कुठल्या देशाचा? 'पाण्याचा,' म्हणाला,
आणि काट्यावर टाकला.
इथे लाकूड किलोवर विकतात.
मी नखानं पॉलिश खरवडलं.
आतून तोच तेलकट, कातड्यासारखा वास आला,
उन्हात तापलेल्या आमच्या होडीचा.
ढलपी शेजारी ठेवली.
रंग नव्हता जुळत. चांगला तांबूस होता.
तरी पैसे दिले.

बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, हे काय?
'होडीतली बसायची जागा.'
'मग तिचंही तिकीट काढा, बाई.'
काढलं.

मेस्त्रीनं रंगाकडे बघितलंच नाही.
बोटाच्या पेरानं ठोकून कानाशी नेला,
कापल्या टोकाला जीभ लावली,
नखानं वलयं मोजली, एका बोटात एकोणीस.
'हं,' म्हणाला. त्याचं 'हं' म्हणजे पुष्कळ झालं.
दोन दिवसांत कुसू साळीत असं बसलं
की मधे केससुद्धा जाईना.
आणि तरी, दहा पावलांवरून,
ठिगळ स्पष्ट दिसत होतं.

मी कुरकुरले.
तो पटाशी पुसत होता.
'रंग करणं मिठाचं काम.
त्याला त्याचं काम करू दे.'
मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता,
'डावीकडेच का कुजली, विचारलं नाहीस.'

विचारलं नव्हतं, कारण माहीत होतं.
बाबा डावीकडे बसायचे,
ओलं जाळं मांडीवर घेऊन, फाटलेले डोळे शिवत,
आणि जाळं निथळत राहायचं
त्याच एका सांध्यावर, तीस-बत्तीस वर्षं.

आता तिथे माझा धाकटा भाऊ बसतो.
तिसरं वर्ष आहे. ठिगळ अजून तांबूसच.
काल त्यानं ओलं जाळं मांडीवर ओढलं
आणि मी नाळेवरून ओरडले:
टोपलीत ठेव ते, हेरंब, टोपलीत!
हातभर सागासाठी
मी पुन्हा कुर्ल्याला जाणार नाही.